घरभर हिंडणारा वास

खरं सांगते, अक्षर न् अक्षर खरं! यातला एक शब्द खोटा निघाला तर माझी कवळी याच क्षणी घशात अडको आणि ती काढायला दोन माणसं लागोत. आधी ऐकून घ्या, मग नाकं मुरडा. मुरडावी लागणारच आहेत, कारण गोष्टच नाकाची आहे. आणि जेवायला बसला असाल तर आधी जेवून घ्या. नंतर मला बोल लावायचा नाही.

एक साहेब होते. अन्नतपासणीचे साहेब. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. लोकांच्या स्वयंपाकघरात न सांगता शिरायचं आणि शिसारी येईल असं जे असेल ते शोधून काढायचं. हॉटेलं, बेकऱ्या, कॅन्टीन, मटणाची दुकानं, काही म्हणून सोडलं नाही. एकदा तर बसमध्ये खिडकीला डोकं टेकून घोरत होते. घोरता घोरता म्हणाले, "तेल चार दिवसांचं आहे." उतरले, दोन गल्ल्या चालले आणि एका दुकानाच्या मागच्या खोलीतली कढई सील केली. सगळं झोपेत. जाग आली ती कागदावर सही करताना.

तपासणीची त्यांची पद्धत ठरलेली होती. दारात उभं राहायचं, डोळे मिटायचे, तीन श्वास घ्यायचे. मग डावी भिंत धरून खोलीला फेरा मारायचा. मोरी सगळ्यात शेवटी. आता नाकाचं असं असतं की पाच मिनिटांत ते थकतं, आणि कितीही घाण वास असला तरी तो अंगवळणी पडतो. तेव्हा शर्टाची बाही वर सारायची, स्वतःच्या कोपराच्या खोबणीत नाक खुपसायचं आणि खोल श्वास घ्यायचा. आपला वास आपल्याला येत नाही ना! तो शून्य. त्या शून्यावर नाक आणून ठेवलं की पुढची खोली कोरी. हाताखालच्या नवख्यांना ते बजावून सांगायचे, "तपासणारा म्हणजे शून्य. घाण जी काही असेल ती त्याच्या बाहेर असते."

निवृत्त झाल्यावर दहा वर्षं बरी गेली, आणि मग साहेब विसरायला लागले. गॅसवर दूध ठेवायचं आणि पेपर आणायला जायचं. पेपर घेऊन आलं की पुन्हा पेपर आणायला जायचं. मेंदूच्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले आणि सांगितलं, अल्झायमर. अगदी सुरुवातीचा.

आणि मग काय झालं ते ऐका, मला तर त्याचीच जास्त किळस येते. या एका आजाराने घरात पाय ठेवला आणि साहेबांचे बाकीचे आजार बेवारशी झाले. तसं त्यांच्याकडे काही कमी नव्हतं. साखर होती, पंधरा वर्षांची मुरलेली. रक्तदाब होता, उजवा गुडघा होता, डाव्या कानात शिट्टी होती, आणि पोट तर मनात येईल तेव्हा चार दिवसांचा संप पुकारायचं. प्रत्येकाचा आपापला मान होता, आपापली गोळी होती, आपापला डॉक्टर होता. आता साहेब म्हणाले, "गुडघा दुखतोय," की लेक म्हणायची, "बाबा, ते त्यातलंच." तहान फार लागते? त्यातलंच. रात्रीत पाच वेळा उठावं लागतं? त्यातलंच. एकदा ते म्हणाले, "डाव्या तळपायाखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं, जमीन लागतच नाही." डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहिलं, 'तक्रारी अस्पष्ट.' साखरेच्या डॉक्टरांकडे जाणं तर लेकीने बंदच केलं. ती विम्याच्या ऑफिसात कामाला, रजा मिळायची मारामार. म्हणाली, "एका माणसाला डॉक्टर किती? मोठ्या दुखण्याकडे आधी बघू."

साहेबांच्या मनात यायचं, उद्या आपल्याला ट्रकने उडवलं तरी हे लोक म्हणतील, आजार पुढे सरकला.

तर एके दिवशी सकाळी स्वयंपाकघरात साहेबांची सपात फरशीला चिकटली. आदल्या दिवशी काहीतरी गोड सांडलं होतं आणि त्यावरून नुसतंच फडकं फिरवलं होतं. सपात उचलताना 'चर्र' असा आवाज आला. साहेब तसेच गेले, माळ्यावरून तपासणीचे जुने गमबूट काढले, काळे, गुडघ्यापर्यंतचे, आणि पायात चढवले.

"अहो, घरात बूट?" बायको म्हणाली.

"हे घर आहे की कत्तलखाना ते ठरलं की काढीन."

बायको हसली. ती शाळेतून निवृत्त झालेली. सत्तावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक बनवायची, कोणत्या तासाला कोणते मास्तर कोणत्या वर्गात, ते सगळं. तिचं नाक मात्र केव्हाच गेलेलं. सायनसची दोन ऑपरेशनं झाली होती. नाक उरलं होतं ते चष्मा टेकवायला. साहेब घोरायचे म्हणून ती झोपायचीही वेगळ्या खोलीत. रोज सकाळी ती धुतलेले मोजे खुर्चीवर ठेवी, साहेब ते घालत, वर बूट चढवत आणि घरभर पहारा सुरू.

त्यानंतर आठवडाभरात वास आला.

आला म्हणजे कसा, तर आधी स्वयंपाकघरात. गोडसर, खालून वर येणारा, जसं बंद डब्यात विसरलेलं मांस. साहेब ताठ झाले. फ्रिजच्या दाराचं रबर ओढून काढलं, त्याच्या खाचेत काळपट शेवाळ्यासारखं काहीतरी होतं, बोटाला लागलं, लिबलिबीत. "ई!" म्हणाले साहेब, पण खूश झाले. खरवडून स्वच्छ केलं. वास तसाच. मग भांडी घासायचा स्पंज पिळला, त्यातून राखाडी पाणी आलं. फेकून दिला. वास तसाच. न्हाणीघरात गेले, जाळी उचलली, खालून केसांचा पुंजका काढला, साबणाच्या मळाने जड झालेला, मेलेल्या उंदराएवढा. भसाभसा पाणी ओतून मोरी धुतली आणि बाहेर आले.

"अंघोळ झाली का?" बायकोने विचारलं.

"झाली की," साहेब म्हणाले. त्यांना अगदी मनापासून तसंच वाटत होतं.

वास न्हाणीघरात होता, बैठकीत होता, गॅलरीत होता. साहेबांना जेवण जाईना. घास तोंडाशी नेला की तो गोड, सडका वास मध्ये यायचा. शेवटी लेक त्यांना पुन्हा मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टर लेकीशी बोलले. साहेब शेजारीच बसले होते, खुर्चीवर ठेवलेल्या पिशवीसारखे. "या आजारात पुष्कळांचं वास घेणं लवकर कमी होतं. आपण तपासू." त्यांनी छोट्या बाटल्यांची पेटी काढली. "आजोबा, हा कसला वास?"

साहेबांनी हुंगलं आणि मान मागे घेतली. "ओलं पोतं. झाकणाला आतून बुरशी आहे."

उत्तर होतं कॉफी. डॉक्टरांनी फुली मारली.

"आणि हा?"

"साबण. बाटली धुतलीत पण नीट विसळली नाहीत."

उत्तर लिंबू. फुली.

"हा?"

"यात काहीच उरलेलं नाही. उडून गेलंय सगळं. कधी भरली होती?"

दहाच्या दहा फुल्या! डॉक्टरांनी पेटी मिटली. "नाक काम करत नाहीये. म्हणजे घरातला वास हा भास आहे. सोमवारपर्यंत बघा. तोपर्यंत गेला नाही तर भास थांबवायची गोळी सुरू करू. जरा सुस्ती येते तिने."

जरा सुस्ती! साहेबांच्या ओळखीच्या एका वकिलाला अशीच कसलीशी गोळी दिली होती. भेटायला गेले तेव्हा तो खिडकीशी बसला होता, मान छातीवर, हनुवटीवरून लाळेची तार खाली लोंबत होती, आणि ती पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. साहेबांना ती तारच आठवली. साहेब आणखी काय काय विसरले असतील, पण ती तार विसरले नव्हते.

घरी आल्यावर बायको हळूच म्हणाली, "अहो, सोमवारी सरळ सांगून टाका ना, वास गेला म्हणून."

साहेबांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने त्यांच्या ताटात झुरळ टाकलं. "खोटा अहवाल? मी?"

"बरं बाई, नका देऊ."

"वास आहे. मी सोमवारच्या आत तो शोधतो. सापडला तर नाक खरं आणि गोळी रद्द. नाही सापडला तर..."

त्यांनी वही काढली. आठवण दगा देते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून सगळं लिहायचं. वेळ, जागा, वासाचा प्रकार, आणि पाचपैकी किती.

शनिवारी लेक आली ती हातात फवारा घेऊन. दारातच फुस्स, फुस्स! पडद्यावर, गादीवर, सोफ्यावर.

"हे काय मारतेस?"

"लिंबाचा सुवास, बाबा. आता बघा कसं प्रसन्न वाटतं."

साहेबांना उमासा आला. सडक्या मांसावर लिंबाचं सरबत ओतल्यासारखं झालं. "चौतीस वर्षं मी हेच पकडत आलो," ते ओरडले. "सडकं असलं की माणूस वरून मसाला मारतो! मसाला जितका जास्त तितकं खाली जास्त सडलेलं!"

"बाबा, खाली काही नाहीये हो. मी अख्खं घर पुसलंय. आई, तू सांग ना त्यांना."

"मला काय विचारतेस, माझं नाक म्हणजे खुंटी," आई म्हणाली.

"तुला येतो का कसला वास?" साहेबांनी लेकीलाच पकडलं.

लेकीने हुंगल्यासारखं केलं. नाकात लिंबू भरलेलं. "रबराचा येतो थोडा. तुमच्या त्या बुटांचा. आणि बाबा, खरंच सांगते, म्हातारपणी घराला असा वास येतोच. तो त्या..."

"त्यातलाच," साहेबांनी वाक्य पुरं केलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी त्यांनी शेवटची मोहीम काढली. स्वयंपाकघराच्या बेसिनखाली आडवे झाले आणि पान्याने नळीचं वळण सोडवायला लागले. डाव्या पायातला बूट आज घट्ट झाला होता, पण तिकडे बघायला वेळ कोणाला? वळण सुटलं. आतून आधी एक फुगा आला, मग एक काळी, चिकट, शेंबडासारखी धार, आणि तिच्यामागून सगळं. भाताची शितं, अंड्याची टरफलं, चहाचा गाळ, चरबीचे पिवळे गोळे. साहेबांच्या तोंडावर, शर्टाच्या कॉलरीत, कानात. अशी घाण आली म्हणता, की शेजारच्या इमारतीतली मांजर गॅलरीपर्यंत आली, आत डोकावली आणि पंजाने नाक झाकून उलट पावली परत गेली!

साहेब तशाच अवस्थेत उठून बसले आणि त्या चिखलाजवळ नाक नेलं. आंबट. तेलकट. पाचपैकी तीन. "हा तो नाही," ते म्हणाले, आणि पाना खाली टाकला.

लेक आली तेव्हा वरच्या उघड्या राहिलेल्या नळाचं पाणी बैठकीपर्यंत पोचलं होतं. तिने साडी खोचली, दोन तास पोछा मारला. शेवटी उभी राहिली. तिच्या कोपरापर्यंत ती काळी लिबलिब होती. "उद्या गोळी सुरू," ती म्हणाली. "मी डॉक्टरांना फोन केलाय. मला नाही झेपत, आई. किळस आली मला या सगळ्याची." आणि कपडे बदलायला आपल्या घरी गेली.

साहेब खुर्चीवर बसून राहिले. बायकोने त्यांचं तोंड पुसलं, डोकं धुतलं, शर्ट बदलला. मग टेबलावरची वही फेकून द्यावी म्हणून उचलली. उद्यापासून वहीचं काम नव्हतं. पण सत्तावीस वर्षांची सवय. वेळ आणि जागा असे दोन रकाने समोर आले की तिचं बोट आपोआप त्यावरून फिरायला लागायचं.

दहा वाजता, स्वयंपाकघर, पाच. दहा दहा, न्हाणीघर, पाच. दहा वीस, गॅलरी, चार, वारा होता. साडेदहा, बैठक, पाच.

"अहो," ती म्हणाली, "दहाला वास स्वयंपाकघरात होता. तेव्हा न्हाणीघरात होता का?"

"तेव्हा मी न्हाणीघरात नव्हतो."

"बरं. मग न्हाणीघरातून पुन्हा स्वयंपाकघरात आलात, तेव्हा पहिल्या पावलाला काय लिहिलंय? 'दारात शून्य, फेरा मारल्यावर पाच.' हे बघा, सगळीकडे तसंच. दारात शून्य, मग पाच."

"मग?"

"मग काय! हा वास एका वेळी एकाच खोलीत असतो. आमच्या गणिताच्या मास्तरांसारखा. एक तास इथे, एक तास तिथे. सडलेली वस्तू जागची हलत नाही, अहो. हा वास हिंडतोय." बायको थांबली. घरात हिंडणारी माणसं दोनच होती. तिने चष्मा काढून पुसला. "चला, खाली एक तपासणी आहे."

'तपासणी' म्हटल्यावर साहेब उठले.

खालच्या मजल्यावर एक शिवणवाली राहायची. एकटी बाई, दिवसभर मशीन चालवायची, आणि तोंडाला बटण म्हणून लावलेलं नव्हतं. तिने दार उघडलं. साहेब दारात उभे राहिले, डोळे मिटले, तीन श्वास. "कोरं कापड. मशीनचं तेल. इस्त्रीची वाफ. स्वच्छ आहे."

"आहेच मुळी स्वच्छ! रविवारी दुपारी काय तपासता काका?"

साहेब डावी भिंत धरून चालायला लागले. फताक, फताक, फताक. प्रत्येक पावलाला बूट भात्यासारखा दबायचा आणि वरून फुस्स करायचा. कापडाच्या कपाटापर्यंत पोचले आणि थबकले. "आहे! इथेही आहे! पाच!"

शिवणवालीने पदर नाकाला लावला. "अहो काका, आहे म्हणजे काय, आतडी बाहेर येतील असा आहे! पण मेला आत्ता आला. तुमच्याबरोबर आला."

"शक्य नाही." साहेबांनी बाही वर केली, कोपरात नाक खुपसलं, श्वास घेतला. "मी शून्य आहे."

"तुमच्या शून्यालाच घाण येतेय, काका."

बायको पुढे झाली. "अहो, बूट काढा."

"बूट नाही. बूट स्वच्छ आहेत. माझ्याकडे असलं काही नसतं!"

हे बोलले आणि साहेबांना ते वाक्य ऐकू आलं. चौतीस वर्षं हेच वाक्य त्यांनी ऐकलं होतं. प्रत्येक कळकट हॉटेलातला प्रत्येक मालक भटारखान्याच्या दारात आडवा उभा राहून हेच म्हणायचा, 'साहेब, आमच्याकडे असलं काही नसतं.' आणि साहेब मनात म्हणायचे, आहे. इथेच आहे.

ते शिवणवालीच्या स्टुलावर बसले आणि डावा पाय पुढे केला. "काढा."

बूट निघेना. दोघींनी ओढला, स्टुलासकट साहेब पुढे आले, बूट तसाच.

"कापायला लागेल," शिवणवाली म्हणाली. "माझी कापडाची कात्री नाही हं मिळायची, रबराने धार जाते." आणि पत्रा कापायची गंजकी कात्री घेऊन आली. वरपासून घोट्यापर्यंत बूट चिरला. तो उघडला तेव्हा शिवणवालीने पाचही खिडक्या उघडल्या. आत मोजा होता. धुतलेला, पांढरा, आज सकाळचाच. बायकोने तो सोलला. खाली निळा. निळ्याखाली करडा. करड्याखाली पट्ट्यांचा.

"अगंबाई," बायको म्हणाली. "मी रोज ठेवत होते आणि हे रोज वर चढवत होते."

रोजचे नव्हेत, कधी काढले असतील, कधी नसतील. पण शेवटचा तपकिरी, पाचवा, काढता येईना. तो कातडीचाच झाला होता. कोमट पाण्याने भिजवून भिजवून सोडवला, तेव्हा त्याच्याबरोबर काहीतरी सुटून आलं, त्याबद्दल मी बोलत नाही, मलाही रात्री जेवायचंय. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं, जुन्या केळ्यासारखं, आणि खालून हिरवट पिवळं पाझरत होतं. तळव्यात एक भोक होतं. आणि बुटाच्या आत, अस्तराला रुतलेलं, एक पत्र्याचं दातेरी बूच. तपासणीचे नमुने बाटलीत भरून त्यावर ठोकतात तसलं. कधीकाळी नोकरीतच बुटात पडलं असेल. साहेब तीन आठवडे त्या दातांवर चालले होते आणि त्यांना कळलं नव्हतं. त्यांना फक्त कापूस लागत होता.

शिवणवाली मोरीकडे धावली. बायकोचं नाक मेलेलं, पण डोळे नव्हते. ती फरशीवर बसली आणि पाय मांडीवर घेतला.

साहेब मात्र वाकले. आपल्याच पायाजवळ नाक नेलं आणि तीन श्वास घेतले. चेहरा किळसेने पिळवटला, ओठ वळले, डोळ्यांतून पाणी आलं. जन्मभर जिथे तिथे शोधलेली सगळ्यात घाणेरडी जागा त्यांना सापडली होती, आणि ती त्यांना घेऊन हिंडत होती.

"हाच," ते म्हणाले. "सडका. पाचपैकी पाच." आणि मग बायकोच्या डोक्यावर हात ठेवून, "नाक चालू आहे गं माझं."

मोठ्या दवाखान्यात साखर तपासायचं यंत्र लावलं तर आकडाच येईना. नुसतं 'जास्त' असं दाखवून गप्प. ड्रेसिंगची सिस्टर जाडजूड, चष्मेवाली, हातमोजे घालता घालता लेकीला म्हणाली, "साखर कधी तपासली होती शेवटची?"

"म्हणजे... त्यांना अल्झायमर आहे," लेक म्हणाली.

"ते लिहिलंय इथे. मी साखर विचारली."

"सात-आठ महिने झाले असतील."

"पाय कोण बघायचं?"

लेकीने आईकडे बघितलं, आईने फरशीकडे.

"विसरायचा आजार झाला म्हणून बाकीचे आजार रजेवर जातात होय?" सिस्टर म्हणाली. "उलट! साधा माणूस दहा वेळा ओरडून सांगतो. हे एकदा सांगणार, तेही आडून. एवढी शिकलेली माणसं तुम्ही आणि वडिलांचा मोजा काढून बघवला नाही? शी!" ते 'शी' जखमेला नव्हतं. लेकीला कळलं ते.

दोन बोटं गेली. पाय राहिला. अजून चार दिवस गेले असते तर गुडघ्यापासून गेला असता, असं मोठे डॉक्टर म्हणाले. आणि भासाची गोळी? मेंदूच्या डॉक्टरांना निरोप गेला, तेव्हा त्यांनी कागदावर ती ओळ खोडली. बाटल्यांची पेटीही नवी मागवली म्हणे.

तिसऱ्या दिवशी साहेब उशाला टेकून बसले होते. बायकोला वही घ्यायला लावली. "लिही. जागा, डावा पाय. प्रकार, सडका. शेरा, मालकाचं दुर्लक्ष."

"मालक कोण लिहू?" तिने विचारलं.

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, दारात डबा घेऊन उभ्या असलेल्या लेकीकडे बघितलं, मग आपल्या पांढऱ्या बँडेजकडे बघितलं. "तिघं," ते म्हणाले. "आणि त्या खाटेखालचं भांडं बदलायला सांग. कालचं आहे."

लेक पुढे आली. डबा खाली ठेवला, खाटेच्या कडेला बसली आणि वडिलांचा हात हातात घेऊन म्हणाली, "बाबा, तुमचं नाक खरं होतं. तुम्ही दोन आठवडे सांगत होता आणि मी ऐकलं नाही. चुकले मी."

झालं, संपली गोष्ट. कढई खरी, बसमधली झोप खरी, मोजे पाचच होते, आणि मांजरीने नाक झाकलं तेही खरं, शिवणवालीला विचारा.

फक्त लेकीचं ते शेवटचं बोलणं तेवढं माझ्या पदरचं. कोणीतरी म्हणायला हवं होतं, म्हणून मी घातलं. ती प्रत्यक्षात काय म्हणाली सांगू? डबा ठेवला, बँडेजकडे बघून नाक मुरडलं, आणि म्हणाली, "काय हे बाबा! आधी सांगायचं नाही का?"